नववी ‘ब’ची जाड-बारीक जोडी

सोमवार, ५ डिसेंबर १९८८, शिरपूर

वर्ष संपायला सव्वीस दिवस उरलेले असताना डायरी सुरू करणं विचित्र दिसतं, हे मला कळतं. पण ही डायरी जानेवारीत यांना कुणी विमा एजंटाने दिली होती आणि अकरा महिने ट्रंकेवर कोरी पडून होती. शिवाय कारण आहे. आमच्या कन्याशाळेच्या मोठ्या बाई ३१ जानेवारीला निवृत्त होतात. त्यांच्या जागी मुख्याध्यापिका म्हणून माझं, म्हणजे सौ. कुंदा रुपचंद पाटील हिचं नाव आहे. जबाबदारीच्या माणसाने नोंदी ठेवाव्यात, असं माझं मत आहे.

नाव आहे म्हणते, पण आणखी एक नाव आहे. रईसा शेख, विज्ञान आणि गणित. मी मराठी. आम्ही दोघी १९६५ च्या जूनमध्ये एकाच दिवशी, एकाच टांग्यातून येऊन रुजू झालो. वयाने मी सात महिन्यांनी मोठी. त्यांच्याकडे एम.एड. आहे. मी अंगाने भरलेली, त्या उंच आणि काडीसारख्या. एकवीस वर्षं आम्ही स्टाफरूममध्ये एकाच बाकावर बसून एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. गेली दोन वर्षं आम्ही बोलत नाही. बाक मात्र तोच आहे, कारण दुसरा रिकामा नाही.

कामाचं बोलणं बेबाबाईमार्फत होतं. बेबाबाई आमची शिपाईण. आज ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “शेखबाई म्हनतस, खडूनी पेटी तुम्हनाकडे शे.” शेखबाई माझ्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर बसल्या होत्या. मी म्हटलं, “त्यांना सांग, पेटी कपाटात आहे.” बेबाबाई बाकाला वळसा घालून तिकडे गेली आणि सांगून आली. व्यवस्था उत्तम चालली आहे.

गुरुवार, ८ डिसेंबर

स्नेहसंमेलन २१ जानेवारीला. सांस्कृतिक प्रमुख मीच. नववी ‘ब’ने कार्यक्रमांची यादी दिली. लेझीम, गरबा, समूहगीत, आणि चौथं, “जाड-बारीक, विनोदी मूकनाट्य.”

बेबाबाईला विचारलं, हे काय? तिने पदर तोंडाला लावला. “बाई, ती तुम्हनी नि शेखबाईनी नक्कल शे. बठ्ठी शाळाले माहीत शे.”

बठ्ठी शाळाले! म्हणजे सगळ्यांना माहीत, आणि माझ्याच हातात यादी देताना त्या पोरींना काही वाटलं नाही. मुख्याध्यापिका होण्याच्या तोंडावर माझी स्टेजवर टिंगल होणार, आणि समोर पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष आबा बसणार. मी तासाभरात अध्यक्षांच्या नावे दीड पानाचा अर्ज लिहून संस्थेच्या टपालात टाकला. “सदर कार्यक्रम तात्काळ रद्द करण्यात यावा.” संतापात माझी भाषा फार चांगली येते.

शनिवार, १० डिसेंबर

मोठ्या बाई म्हणाल्या, “कुंदाबाई, आधी तालीम तर बघा.” म्हणून शिवणवर्गाच्या खिडकीतून बघितली.

मालती कोळी ही मी आहे. मालती म्हणजे हडकुळी पोर, तिच्या पोटाला उशी बांधलेली. विमल चौधरी जरा गुटगुटीत आहे, ती शेखबाई. म्हणजे बारकीने जाड व्हायचं आणि जाडीने बारीक. यात काय गंमत आहे, मला कळलं नाही. दोघी मिळून एक लांब बाक उचलतात. मालती पुढचं टोक उचलते तेव्हा विमल मागचं खाली ठेवते. विमल उचलते तेव्हा मालती ठेवते. मग मालती कमरेवर हात ठेवून विमलकडे बघते, आणि नंतर हळूच मान वळवून सरळ आपल्याकडे बघते. शिवणाच्या मशीनवर बसलेल्या मुली हसून लोळत होत्या.

मी आत गेले. सगळ्या मशीनवर वाकल्या.

“ही कोणाची नक्कल?”

मालती खाली बघून म्हणाली, “बाई, इंग्रजी पिक्चरमधल्या जोडीची. जुन्या, काळ्या-पांढऱ्या. एक जाडा असतो आणि एक बारीक. आम्ही सुट्टीत व्हिडिओवर बघितलं.”

“मग पदर कशाला?”

“ते पुरुष आहेत ना, बाई. आम्ही त्यांच्या बाया केल्या.”

उत्तर हजरजबाबी होतं. मी सांगितलं, मूळ पिक्चर बघितल्याशिवाय मी निर्णय देणार नाही. न वाचता परीक्षण करण्याची मला सवय नाही.

रविवार, ११ डिसेंबर

बाजारातल्या असलमच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणि यंत्र दोन्ही आणलं. असलम शेखबाईंचा भाचा. मी त्याला म्हटलं, शैक्षणिक कामासाठी हवं आहे. तो म्हणाला, “बाई, याच्याहून शैक्षणिक माझ्याकडे काहीच नाही.”

दुपारी दार लावून आम्ही दोघं बघायला बसलो. यांना एसटीतून सुट्टी होती. एरवी हे शिरपूर स्टँडवर दिवसभर गाड्या पुकारतात, त्यामुळे घरात बोलत नाहीत. पण आज पहिल्या पाच मिनिटांत यांना असं हसू फुटलं की ठसका आला आणि पाठ चोळावी लागली.

मी हसले नाही. टिपणं काढली. ती अशी:

जाडा स्वतःला शहाणा समजतो. बारक्याला सारखं शिकवतो, बाजूला सारतो, “थांब, मी करतो” म्हणतो आणि मग स्वतःच चुन्याच्या बादलीत जातो. खरं तर दोघं सारखेच आहेत, पण जाड्याला हे कोणी सांगत नाही. मला त्याची फार दया आली. दरवेळी फजिती झाली की तो टाय सारखा करतो आणि आपल्याकडे बघतो, जणू म्हणतो, बघा, कोणाशी गाठ आहे माझी.

बारक्याला रडू चटकन येतं. डोकं खाजवतो. पण तो जाड्याला सोडून कधी जात नाही.

जाडा पडला की बारका त्याला उचलायला जातो आणि स्वतःही पडतो. माझ्या बाबतीत असं झालं नाही. ते इथे लिहूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी १५ ऑगस्टला फोटोला हार घालताना मी स्टुलावर चढले. स्टूल प्रयोगशाळेतलं, म्हणजे शेखबाईंच्या ताब्यातलं. ते कलंडलं. सगळी शाळा, पाहुणे आणि बँडवाले यांच्यादेखत मी पडले. मुली धावल्या. शेखबाई दोन हातांवर होत्या. त्या आल्या नाहीत. खाली बसून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि मला वाटतं कोणीही बोललं नसतं.

पिक्चर संपल्यावर हे म्हणाले, “पोरींले हासू दे ना. अन् खरं सांगू का? तो जाडा मला ओळखीचा वाटला.”

मी पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघितलं.

मंगळवार, १३ डिसेंबर

कॅसेट परत केली. दुसरा भाग मागितला, फक्त तुलनेसाठी. असलम म्हणाला, “फुफी घेऊन गेली. काल संध्याकाळी. तिला पण शैक्षणिक कामच होतं.” फुफी म्हणजे त्याची आत्या, शेखबाई.

मग त्याने दुसऱ्याच एका जोडीची कॅसेट दिली. ही अमेरिकेत टीव्ही नवा होता तेव्हाही गाजलेली. यातही एक सडपातळ, एक गोल, पण हे पडण्यापेक्षा बोलतात जास्त. सडपातळ माणूस शांतपणे काहीतरी समजावून सांगतो, गोल माणूस चुकीचं समजतो आणि हळूहळू वेडापिसा होतो. माझं इंग्रजी जेमतेम, तरी कोण कधी चिडणार ते कळत होतं.

असलमने कुठल्याशा मासिकात वाचलंय की यातल्या एका जोडीचं मध्ये बरेच महिने बोलणं बंद होतं. फक्त लोकांसमोर काम करताना बोलायचे. बाहेर आले की दोघं दोन दिशांना.

मी म्हटलं, त्यात काय विशेष? शिस्तीचे लोक असतील.

सोमवार, १९ डिसेंबर

तालमीला चार दिवस जाते आहे. बंदी घालायचीच आहे, पण तोवर चुका तशाच ठेवणं मला जमत नाही. मालती माझी चाल चालते ती साफ चुकीची. मी डुलत नाही. मी पाऊल टाकते, थांबते, आणि मग दुसरं टाकते. तिला व्हरांड्यात सहा फेऱ्या मारून दाखवल्या. पदर मी उजव्या हाताने खोचते. चष्मा कपाळावर असताना शोधते हे खरं आहे, पण टेबलाखाली वाकून कधी शोधत नाही. खणात शोधते. हे सगळं तिने लिहून घेतलं. पोर मेहनती आहे. आता खरोखर माझ्यासारखी दिसते.

मुली हसत होत्या. मी चालून दाखवत असताना जास्त हसत होत्या. मालतीच्या तयारीचं कौतुक असणार.

शुक्रवार, २३ डिसेंबर

आज कळलं की मी सोम-बुध-शुक्र जाते आणि शेखबाई मंगळ-गुरू जातात! मालतीच घाबरत म्हणाली, “बाई, स्टूलवरून पडल्यावर विमलने उभं राहून हसायचं असं तुम्ही सांगितलं. शेखबाई म्हणतात, उभं नाही, पाय दुमडून खाली बसायचं. मग आम्ही काय करू?”

म्हणजे पोरींनी माझ्या पडण्याचा प्रसंगही नाटकात घातलाय, आणि मी चार तालमींत तो दुरुस्तही केलाय. हे माझ्या आत्ता लक्षात येतं आहे.

मी बेबाबाईला प्रयोगशाळेत पाठवलं. “त्यांना सांग, ज्याला हसायचं असतं तो उभ्यानेही हसू शकतो.” बेबाबाई परतली. “त्या म्हनतस, ज्याले माहीत नही त्याने सांगू नही.” मी परत पाठवलं. पाचव्या खेपेला बेबाबाई पायरीवर बसली. “बाई, मना पाय दुखी ऱ्हायनात. तुम्ही दोन्ही चिठ्ठ्या लिखा ना.”

नववी ‘ब’ दोन्ही दारांत गर्दी करून उभी होती. त्यांच्यातली एक मुलगी बेबाबाईच्या मागे मागे तिच्यासारखं लंगडत चालत होती आणि मालती वहीत काहीतरी टिपून घेत होती. अभ्यासाचं असावं.

मंगळवार, ३ जानेवारी

डायरी संपली. मागच्या जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. छापलेले वार खोडावे लागतात.

आज अध्यक्षांचा हुकूम आला. “आलेल्या लेखी तक्रारीवरून सदर मूकनाट्य रद्द करण्यात येत आहे. संबंधित विद्यार्थिनींस समज द्यावी.”

माझा अर्ज. सव्वीस दिवस संस्थेच्या टपालात पडून होता, आणि मी तो विसरले होते. खरंच विसरले होते.

मालती ऑफिसात उभी होती, उशी हातात धरून. रडली नाही. म्हणाली, “आम्ही वाईट हेतूने केलं नव्हतं, बाई.” मोठ्या बाईंनी तक्रार कोणाची ते सांगितलं नाही. पोरींना वाटतं शेखबाईंनी केली. शेखबाईंना काय वाटतं कोण जाणे. दुपारी त्या बाकावर बसल्या नाहीत, खिडकीशी उभ्या राहिल्या.

हुकूम मागे घ्यायला लावला तर आबा म्हणतील, या बाईला स्वतःची टिंगल चालते, हिला शाळा काय सोपवायची. नाही लावला तर मालती ती उशी घेऊन घरी जाईल. मुख्याध्यापिकेची जागा मला किती हवी आहे, हे मी यांनाही पूर्ण सांगितलेलं नाही. तेवीस वर्षं मी त्या खोलीच्या दारातून आत बघते आहे.

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “उद्या-परवा आबा जिनिंगमध्ये आहेत. नंतर धुळ्याला जातील.” एवढंच. गाडीची वेळ सांगावी तसं.

गुरुवार, ५ जानेवारी

सगळं लिहिते, कारण मला उद्या हे खरं वाटणार नाही.

शाळा सुटल्यावर आबांच्या जिनिंग फॅक्टरीत गेले. ऑफिसबाहेर एक बाक आहे. बाकावर शेखबाई बसल्या होत्या.

परत फिरावं असं वाटलं. पण दिवाणजी म्हणाले, “बसा बाई, आबा शिंदखेड्याच्या नव्या शाळेच्या कागदांत आहेत.” बसले. त्यांनी तिकडे बघितलं, मी इकडे. कापसाचा हंगाम, सगळ्या हवेत कापसाचे तंतू उडत होते. पाऊण तास आम्ही हललो नाही. आत बोलावलं तेव्हा शेखबाईंचे केस, भुवया, खांदे, सगळं पांढरं झालं होतं. नव्वद वर्षांच्या दिसत होत्या. मला हसू येणार होतं, पण मी आवरलं. त्या माझ्याकडे बघून ओठ चावत होत्या, ते कशाला ते कळलं नाही.

आबा म्हणाले, “पाटीलबाई, अर्ज तुमचा. मंजूर केला. आता काय?”

“तो मागे घ्यायचा आहे, आबा. लिहिला तेव्हा मी तालीम पाहिली नव्हती.”

शेखबाई गर्रकन वळल्या. “तुमचा अर्ज? मला वाटलं मोठ्या बाईंचा. मी त्याच्याविरुद्ध बोलायला आले आहे.”

दोन वर्षांतलं हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मीही थेटच उत्तर दिलं. “मग बोला ना.”

आबा म्हणाले, “पण पोरी तुमची थट्टा करतात. उद्या तुमच्यातली एक त्या खुर्चीवर बसणार. पोरी ऐकतील का?”

मी म्हटलं, “आबा, नक्कल करायची तर माणसाकडे महिना-महिना बारीक नजरेने बघावं लागतं. व्याकरणाच्या तासाला माझ्याकडे इतकं कोणी बघत नाही.” हे मी ठरवून आणलं नव्हतं. तोंडातून निघालं.

“बरोबर आहे त्यांचं,” शेखबाई म्हणाल्या. “पोरींनी फक्त एक चूक केली. हार घालताना बाई पडते तेव्हा दुसरी उभी राहून हसते. मी उभी नव्हते.”

“नव्हताच. आरामात खाली बसून हसत होतात.”

“बसले नव्हते, पाटीलबाई! पाय गेले होते. मला जोरात हसू आलं की पाय जातात. लहानपणापासून. माझ्या मंगनीत सासरे पाटावरून घसरले, तर मला तिघी बायकांनी उचलून आत नेलं. तुम्ही पडलात, मला उठायचं होतं, हात पुढे केला होता. उठताच येईना. आणि जितकं उठता येईना तितकं जास्त हसू येत होतं.”

“हे तुम्ही दोन वर्षांत सांगितलं नाहीत.”

“कोणाला सांगू? बेबाबाईला?”

मी म्हटलं, “स्टूल तरी नीट द्यायचं.”

“स्टुलावर साठ किलोपर्यंत बसावं असं मी स्वतः खडूने लिहिलं होतं.”

“मी बसले नव्हते. उभी होते.”

इथे आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंडासमोर फाईल धरली. फाईल हलत होती. दिवाणजी दारात आले. आबा कसेबसे म्हणाले, “तुम्ही मला सांगायला आलात का भांडायला?”

आम्ही दोघी एकदम म्हणालो, “सांगायला.”

हुकूम रद्द झाला. मुख्याध्यापिकेचं काय ते नंतर बघू म्हणाले. आता अध्यक्षांसमोर माझी काय पत राहिली असेल देव जाणे. बाहेर आल्यावर शेखबाईंनी माझ्या खांद्यावरचा कापूस झटकला. मी त्यांचा झटकला. एवढ्या उंच बाईचा कापूस झटकणं सोपं नाही.

स्टँडपर्यंत चालत आलो. त्या म्हणाल्या, “तो दुसरा भाग माझ्याकडेच आहे. असलम दंड मागतोय.”

रविवार, २२ जानेवारी

काल संमेलन झालं.

रईसाबाई आणि मी दुसऱ्या रांगेत. आबा पहिल्या रांगेत, शेजारी मोठ्या बाई. नववी ‘ब’ला शेवटचा नंबर. बाक उचलण्याचा भाग झाला, टाळ्या पडल्या. मग एक तिसरी मुलगी लंगडत आली आणि एकाच बाकावर बसलेल्या दोघींच्या मधून निरोप ने-आण करू लागली. मंडपात असा हशा पिकला की मागच्या खांबाला टेकून उभी असलेली बेबाबाई ओरडली, “ओ माय, ही ते मी शे!” मालती त्या दिवशी वहीत काय टिपत होती ते तेव्हा कळलं.

शेवटी मालती हार घेऊन स्टुलावर चढली. ठरल्याप्रमाणे ते फक्त कलंडायचं होतं. पण पाय खरंच मोडला. पोर दाणकन आदळली, उशी फाटली आणि सरकीसकट सगळा कापूस स्टेजभर उधळला. मंडप शांत झाला. मोठ्या बाई अर्ध्या उठल्या.

मालती कापसात बसली होती. तिने पदर उजव्या हाताने खोचला. कपाळावरचा चष्मा शोधला. मग हळूच मान वळवून सगळ्या मंडपाकडे बघितलं, जणू म्हणत होती, बघा, कोणाशी गाठ आहे माझी.

तो चेहरा माझा होता. अगदी माझा. यांना काय ओळखीचं वाटलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. मी हसायला लागले. आयुष्यात अशी हसले नाही. मालतीला उचलायला जायचं म्हणून खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि पाय नव्हते. खरंच नव्हते! रईसाबाईंकडे बघितलं तर त्या आधीच खुर्चीवरून घसरून गालिच्यावर. मी हात पुढे केला, त्यांनी धरला, आणि मीही खाली गेले. विमल स्टेजवर नियमाप्रमाणे पाय दुमडून बसली होती. बक्षिसं आम्हा दोघींच्या हस्ते होती. ती आबांनी दिली.

नंतर मालती आली. कोपर खरचटलं होतं. “बाई, चूक झाली. स्टूल मोडलं.”

मी सांगितलं, “चूक झालीच. पुढच्या वेळी पण अशीच कर.”

घरी आल्यावर यांनी विचारलं, “कसं झालं?” मी सांगायला लागले आणि पूर्ण सांगू शकले नाही.

मंगळवार, ३१ जानेवारी

दुपारी आबांनी दोघींना बोलावून एकेक लिफाफा दिला. मी, मुख्याध्यापिका, कन्याशाळा, शिरपूर. उद्यापासून.

रईसाबाईंच्या लिफाफ्यात, मुख्याध्यापिका, संस्थेची नवी शाळा, शिंदखेडा. उद्यापासून.

आबा खूश होते. “दोघी लायक, दोघींना शाळा. कोणावर अन्याय नको.” आम्ही आभार मानले. बाहेर व्हरांड्यात दोघी उभ्या राहिलो. जे मागितलं ते मिळालं होतं, त्यामुळे तक्रार कशाची करायची ते सुचेना.

रईसाबाई म्हणाल्या, “शिंदखेडा काय, तापी ओलांडली की आलंच.”

मी म्हटलं, “हो. जवळच आहे.”

दोन वर्षं वीतभर अंतरावर बसून फुकट घालवली आणि पुरते चार आठवडे मिळाले नाहीत. हे मी त्यांना म्हणाले नाही. सकाळी सव्वासातच्या गाडीला यांनी स्वतः त्यांना खिडकीची जागा धरून द्यायचं कबूल केलं आहे.

बुधवार, १ फेब्रुवारी

खुर्ची मोठी आहे. खोलीत दुसरं कोणी बसत नाही. बेबाबाई दोनदा आत येऊन गेली. “बाई, कोनले काही निरोप शे का?” नव्हता.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही म्हणून नाही. जिला सांगायचं ती समोर नव्हती, आणि वहीला सांगायचा कंटाळा आला होता.

सोमवारी मी शाळेच्या लेटरहेडवर पहिलं पत्र लिहिलं. प्रति, मा. मुख्याध्यापिका, शिंदखेडा. “आमच्या नववी ‘ब’चे मूकनाट्य आपल्या विद्यार्थिनींसमोर सादर करण्याची अनुमती द्यावी, ही नम्र विनंति.” तीन परिच्छेद, सही, शिक्का. हे म्हणाले, पोस्टात कशाला, आणि शिंदखेड्याच्या कंडक्टरच्या खिशात घालून दिलं.

आज उत्तर आलं. तेही कंडक्टरच्या खिशातून, तेही लेटरहेडवर, तेही शिक्क्यासकट.

“आपले पत्र मिळाले. मूकनाट्यास अनुमती आहे. स्टूल आपण आणावे, आमच्याकडील नवीन आहेत. आपल्या पत्रातील तिसऱ्या ओळीत ‘विनंति’ हा शब्द ऱ्हस्व लिहिला आहे. तो दीर्घ हवा. मराठीच्या शिक्षिकेकडून ही अपेक्षा नव्हती. कळावे. र. शेख (विज्ञान).”

मी माझ्या पत्राची नक्कल काढून बघितली. ऱ्हस्वच होता. माझ्या शाळकरी दिवसांतल्या जुन्या नियमाचं वळण, हातातून गेलं नाही. तेवीस वर्षं मी मुलींच्या वह्यांत तोच शब्द लाल शाईने दुरुस्त करते आहे.

ताबडतोब उत्तर लिहून चारच्या गाडीने पाठवलं. “सदर चूक आपले लक्ष आहे किंवा कसे, हे तपासण्यासाठी मुद्दाम ठेवण्यात आली होती. आपण उत्तीर्ण झालात.”

हे खरं नाही. पण ते फक्त या वहीला माहीत असलेलं बरं.